तिकिटांवरून माणसे मोजता येत नाहीत

देशातले स्थलांतर घटले आहे, असे हल्ली ठामपणे सांगितले जाते. त्याला जोडून पुढचे वाक्यही तयार असते: गावातच सोयी झाल्या, म्हणून लोक थांबले. या विधानाचे मूळ एका कार्यपत्रात आहे. डिसेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने बिबेक देबरॉय आणि देवी प्रसाद मिश्रा यांचे हे कार्यपत्र प्रसिद्ध केले. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५.५७ कोटी स्थलांतरित होते, २०२३ मध्ये ते ४०.२० कोटींवर आले असावेत, म्हणजे जवळपास १२ टक्के घट झाली, असा त्यातला अंदाज आहे. शिक्षण, आरोग्य, रस्ते आणि रोजगार या गोष्टी लोकांना गावात किंवा गावाजवळ मिळू लागल्या असाव्यात, असे कारणही लेखकांनी तर्काने सुचवले आहे.

हा निष्कर्ष मला मान्य नाही. आंधळगावातून पाहिले तर तो अजिबात पटत नाही.

आंधळगाव हे भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातले कोशाच्या कापडाचे गाव. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर पोसलेल्या किड्यांच्या कोशांतून निघणारे टसर रेशीम इथले कोष्टी विणकर पिढ्यान्‌पिढ्या विणत आले आहेत. विदर्भातल्या या करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. गावाभोवती धानाच्या बांध्या. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, आणि त्यानंतर ज्याच्या बांधीला उन्हाळी पाणी नाही किंवा ज्याला बांधीच नाही, त्याच्यापुढे चार-पाच रिकामे महिने. या पट्ट्यातली माणसे कुठे जातात, हे चहाच्या टपरीवर कोणीही सांगेल. मिरची तोडायला तेलंगणात, विटाभट्टीवर, नागपूरच्या बांधकामांवर. शिकलेली पोरे पुण्याकडच्या कारखान्यांत. काही जण घर सोडत नाहीत, पण तुमसर, वरठी, भंडारा असे रोज अपडाउन करतात. यातले कोणते जाणे कार्यपत्राच्या हिशेबात दिसेल, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

कार्यपत्राने जनगणनेच्या अभावी काही पर्यायी खुणा वापरल्या: रेल्वेची अनारक्षित तिकिटे, मोबाइलच्या रोमिंगची आकडेवारी, बँकांची जिल्हावार माहिती. तिकिटांपासून सुरुवात करू. मोहाडी तालुक्यातल्या माणसाला रेल्वे जवळच आहे. वरठीचे भंडारा रोड आणि देव्हाडीचे तुमसर रोड ही दोन्ही स्थानके मुंबई-हावडा मार्गावर आहेत. पण मिरचीवर जाणारी टोळी स्टेशनात उभी राहून एकेक तिकीट काढत नाही. मुकादम माणसे जमवतो, उचल देतो, गाडी ठरवतो, आणि बायाबापे, लेकरे, भांडीकुंडी, धान्याची पोती घेऊन ती गाडी रात्रीतून थेट शेतावर पोचते. परतीचा प्रवासही तसाच. या प्रवासाची तिकीट खिडकीवर नोंद होण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय ज्या २०२३ सालाची तुलना केली आहे, ते साल रेल्वेच्या दृष्टीने साधे साल नव्हते. २०२० नंतर अनेक पॅसेंजर गाड्या बंद राहिल्या, ज्या सुरू झाल्या त्या ‘स्पेशल’ किंवा एक्स्प्रेस म्हणून धावल्या, आणि किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले. ते पुन्हा खाली आले फेब्रुवारी २०२४ मध्ये. भाडे तिप्पट झाल्यावर तिकिटे कमी खपली, तर त्यावरून माणसे गावात थांबली असे म्हणता येत नाही. ती बसने, ट्रकने, मुकादमाच्या गाडीने गेली असू शकतात. तिकिटांच्या आकड्यात हा फरक ओळखण्याची सोयच नाही.

रोमिंगचे तर त्याहून सोपे आहे. दूरसंचार व्यवस्थेत मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक परिमंडळ आहे. आंधळगावचा मुलगा चाकणच्या कारखान्यात लागला, तरी त्याचा फोन रोमिंगवर जात नाही. नागपूरला घर भाड्याने घेऊन राहिला, तरी जात नाही. २०११ च्या जनगणनेनुसार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेले लोक होते सुमारे साडेपाच कोटी, म्हणजे एकूण स्थलांतरितांच्या आठव्या हिश्श्याइतके. बाकी सगळे आपल्याच राज्यात हललेले. जी खूण आठांतल्या जवळजवळ सातांना पाहू शकत नाही, तिच्या आधाराने देशाच्या हालचालीबद्दल बोलणे धाडसाचे आहे. आणि मिरचीच्या टोळीत प्रत्येकाकडे स्वतःचा फोन असतो, हेही गृहीत धरता येणार नाही.

पण माझा सर्वांत मोठा आक्षेप याहून वेगळा आहे. जनगणनेतले ४५ कोटी हे एका वर्षात प्रवास केलेले लोक नव्हेत. ज्यांचे आधीचे राहण्याचे ठिकाण आजच्या ठिकाणाहून वेगळे आहे, अशा सगळ्यांचा तो साठा आहे. तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन पवनीहून आंधळगावात आलेली बाई त्यात आहे, आणि १९८५ साली नागपुरात गेलेला गिरणी कामगारही. यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक स्त्रिया आहेत आणि एकूण स्थलांतरितांपैकी जवळपास निम्म्यांचे कारण ‘विवाह’ असे नोंदले आहे. रेल्वेची तिकिटे मोजतात त्या-त्या वर्षीचा प्रवास. प्रवास घटला म्हणून तीस वर्षांपूर्वी सासरी आलेली बाई माहेरची रहिवासी होत नाही. साठा आणि प्रवाह या दोन गोष्टी एका सूत्रात बसवून २०११ च्या साठ्याला २०२३ च्या प्रवाहाने गुणले, तर उत्तर दशांश चिन्हापर्यंत नेमके येईल. ते खरे मात्र असणार नाही.

लेखकांवर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो: जनगणना झालेली नाही म्हणून आपण या वाटेने जात आहोत, हे त्यांनी लपवलेले नाही. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीनेही रेल्वेच्याच आकड्यांचा आधार घेतला होता आणि राज्याराज्यांतले वार्षिक स्थलांतर सुमारे ९० लाखांवर असल्याचे म्हटले होते. म्हणजे त्याच रेल्वेच्या आकड्यांतून एकदा वाढते स्थलांतर दिसले आणि एकदा घटते. अभ्यासकाने हाताशी असेल ते साधन वापरावे, त्यात गैर काही नाही. गैर हे आहे की मोजणी झाली नाही म्हणून अंदाज केला गेला, आणि आता तो अंदाज हाती आहे म्हणून मोजणीची निकड कोणाला वाटेनाशी झाली. स्थलांतर घटलेच असेल, तर स्थलांतरितांची वसतिगृहे कशाला, परराज्यात मराठी शिकवणारा शिक्षक कशाला, मजूर कार्यालयात वाढीव माणसे कशाला? एका अंदाजाचे रूपांतर पैसे न देण्याच्या कारणात व्हायला वेळ लागत नाही.

आता दुसरा युक्तिवाद. मंत्रालयात आणि मंत्रालयाबाहेरही तो ऐकायला मिळतो: माहितीची कमतरता कुठे आहे? आधार आहे, ई-श्रम आहे, रेशनचे पोर्टल आहे, सगळे जोडले की चित्र तयार. ई-श्रमचा जन्म कसा झाला, ते आठवले पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत लाखो मजूर रस्त्यावर आले. त्या वर्षी १४ सप्टेंबरला लोकसभेत विचारले गेले, घरी परतताना किती मजूर मेले? केंद्रीय श्रम मंत्रालयाने उत्तर दिले, अशी माहिती ठेवलेली नाही. १ कोटी ४ लाखांहून अधिक मजूर घरी परतले, हे मात्र सांगितले. परतलेल्यांची संख्या राज्यांकडून गोळा झाली. वाटेत मेलेल्यांची झाली नाही, कारण ती गोळा करण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा होता. पाच किंवा अधिक मजूर नेणाऱ्या ठेकेदाराने परवाना घ्यावा, नोंद ठेवावी, असे त्यात लिहिलेले होते. नोंदी ठेवल्या गेल्या असत्या तर सरकारला आकड्यासाठी रेल्वेच्या फलाटावर शोधाशोध करावी लागली नसती. २९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असंघटित कामगारांची राष्ट्रीय नोंदणी पूर्ण करण्यासाठी मुदत घालून दिली, तेव्हा कुठे २६ ऑगस्टला ई-श्रम सुरू झाले. आज त्यावर ३० कोटींहून अधिक नावे आहेत.

ही मोठी गोष्ट आहे आणि ती मी कमी लेखत नाही. पण ई-श्रमवर नाव एकदा चढते. माणूस डिसेंबरात तेलंगणातल्या खम्ममला गेला, एप्रिलात परतला, जूनमध्ये नागपूरला गेला, तर त्यातली कोणती हालचाल पोर्टलवर दिसेल? तो स्वतः जाऊन पत्ता बदलेल तेव्हाच. आणि पत्ता बदलून त्याला काय मिळणार, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. १९७९ च्या कायद्याची जागा घेणारी कामाच्या सुरक्षिततेची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने स्वतःहून गेलेल्या मजुरालाही स्थलांतरित मानले, हे चांगले केले. पण ती लागू होण्यासाठी मजुरांची किमान संख्या पाचावरून दहावर नेली. आठ-नऊ जणांची छोटी टोळी नेणारा मुकादम त्यामुळे बाहेर राहिला. एका हाताने नोंदणीचे पोर्टल उघडायचे आणि दुसऱ्या हाताने नोंदीची सक्ती सैल करायची, याला माहितीचे धोरण म्हणत नाहीत.

रेशनची गोष्ट अधिक आशादायक आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि तेलंगण-आंध्र या जोड्यांपासून रेशनकार्ड दुसऱ्या राज्यात चालू लागले, आणि आज ते देशभर चालते. कोणत्या जिल्ह्यातल्या कार्डावर कोणत्या जिल्ह्यात धान्य उचलले, हे यंत्राला दर महिन्याला कळते. भंडाऱ्याच्या कार्डांवर तेलंगणात जानेवारीत किती पोती उचलली गेली, हा आकडा नावाशिवाय, जिल्हावार जाहीर करायला काय हरकत आहे? तो जाहीर झाला, तरी अपुराच असेल, हेही समजून घ्यावे. म्हातारी माणसे गावात राहतात आणि कार्ड त्यांच्यापाशी असते. मिरचीच्या रानात राहणाऱ्याला तालुक्याचे दुकान दूर असते. म्हणून ही माहिती मोजणीला पूरक आहे, मोजणीला पर्याय नाही. आणि या रेशनचा पायाच जुन्या मोजणीवर आहे. अन्नसुरक्षा कायद्याची ८१ कोटींची मर्यादा २०११ च्या लोकसंख्येवरून ठरली. त्यानंतर जन्मलेली, वेगळी झालेली, हललेली कुटुंबे त्याच मर्यादेत आपली जागा शोधत आहेत.

आंधळगावच्या दृष्टीने मात्र सगळ्यांत बोचणारी आकडेवारी हातमागाची आहे. केंद्र सरकार हातमागांची स्वतंत्र गणना करते. २००९-१० च्या तिसऱ्या गणनेत देशात हातमागावरचे ४३.३१ लाख कामगार होते. २०१९-२० च्या चौथ्या गणनेत ३५.२२ लाख उरले. दहा वर्षांत आठ लाख माणसे हिशेबातून गेली. त्यांतली काही वारली, काही थकली. बाकीची गेली कुठे? हातमागाची गणना हातमागाचे काम चालू असलेल्या घरांची असते. जिथला माग मोडून सरपणात गेला, त्या घराशी तिचे काम नाही. लोकसंख्येची जनगणना त्याच माणसाला नागपुरात ‘रोजगारासाठी स्थलांतरित’ म्हणून नोंदवेल, पण तो कोणते काम सोडून आला हे विचारणार नाही. कामगार खाते त्याला बांधकाम मजूर म्हणून ओळखेल. एकच माणूस तीन खात्यांत तीन वेळा येतो आणि त्याच्या आयुष्यातली मुख्य घटना, म्हणजे कोसा विणणाऱ्या हातात घमेले आले ही गोष्ट, एकाही खात्यात लिहिली जात नाही. मग विणकरांसाठीच्या योजना उरतात कोणासाठी? उरलेल्यांसाठी. सुताची सवलत, मागाला मदत, प्रदर्शनात गाळा. लोक का सोडून गेले, मजुरी परवडत नव्हती की सूत मिळत नव्हते की पोरांना माग नकोच होता, हे कळल्याशिवाय त्या योजना नेम न धरता मारलेल्या दगडासारख्या आहेत.

कोष्ट्यांच्या बाबतीत असे पहिल्यांदा घडत नाही. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि हातमागावरचे कितीतरी हात गिरणीत गेले. २००२ मध्ये ती गिरणी बंद झाली. जाण्याच्या आणि सुटण्याच्या या दोन घटनांमध्ये सव्वाशे वर्षे गेली, आणि या काळात देशात दर दहा वर्षांनी जनगणना होत होती. जन्मस्थळाचा प्रश्न तिच्यात १८८१ पासून आहे, आधीच्या राहण्याच्या ठिकाणाचा १९७१ पासून, आणि कारणाचा १९८१ पासून. म्हणजे प्रश्न विचारण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आणि चांगली आहे. उत्तरांचा वापर करण्याची परंपरा तशी नाही.

म्हणूनच जे म्हणतात की २०२७ ची जनगणना झाली की सगळे ठीक होईल, त्यांच्याशीही माझे पूर्ण जुळत नाही. जनगणना हवीच, ती सोळा वर्षांनी होते आहे हेच वाईट आहे. पण २०११ च्या पद्धतीत काही दोष होते, आणि तेच दोष घेऊन नवी मोजणी झाली तर आंधळगाव पुन्हा अर्धवटच दिसेल.

पहिला दोष कारणाचा. बाई लग्न होऊन आंधळगावात आली, दुसऱ्या महिन्यापासून कांड्या भरू लागली, वर्षभरात मागावर बसली. जनगणनेत तिचे कारण ‘विवाह’ आणि विषय संपला. कोष्ट्यांच्या घरात सून आणताना तिला मागाची कामे येतात का हे पाहिले जाते, इतके तिचे येणे आणि तिचे श्रम एकमेकांत विणलेले असतात. एकाच कारणाचा रकाना हे पकडू शकत नाही. मिरचीच्या टोळीतली बाईही ‘कुटुंबासोबत’ गेली असे लिहिले जाते, आणि तोडणी तर तीच करत असते. दुसरे कारण लिहिण्याची सोय आणि येऊन काय काम करते हा प्रश्न यांची सांगड घातली, तर देशातल्या स्त्रियांच्या स्थलांतराबद्दलचे आपले सगळे बोलणे बदलेल.

दुसरा दोष वेळेचा. २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी अशी मुदत होती. या सगळ्या काळात बाहेर असलेल्या माणसाला घरी मोजायचे नाही, तो असेल तिथे मोजायचे, असा नियम होता. येत्या जनगणनेचा संदर्भ दिवसही १ मार्च २०२७ आहे, म्हणजे गणना पुन्हा फेब्रुवारीत. फेब्रुवारीत मिरचीची तोडणी जोरात असते आणि विटाभट्ट्या पेटलेल्या असतात. मोहाडी तालुक्यातला मजूर तेव्हा तेलंगणातल्या एखाद्या रानात ताडपत्रीच्या खोपीत असेल. तिथल्या प्रगणकाने त्या खोपीपर्यंत जायला हवे, आणि मराठी बोलणाऱ्याकडून तेलुगूतून माहिती लिहून घ्यायला हवी. तो गेला नाही, तर हा माणूस तिथेही नाही आणि इथेही नाही. गावातल्या म्हातारीने ‘आहे की, इथलाच आहे’ म्हणून त्याचे नाव सांगितले, तर तो इथे आला, पण मग त्याचे जाणे पुसले गेले.

तिसरा दोष सीमांचा आहे, तो लहान वाटतो पण मोठे घोटाळे करतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. आंधळगावहून गोंदियाला जाणारा १९९१ च्या हिशेबात जिल्ह्यातल्या जिल्ह्यात हललेला होता. २००१ पासून तसाच जाणारा परजिल्ह्यात गेलेला ठरला. २०११ मध्ये हैदराबादला गेलेला माणूस आंध्र प्रदेशात होता, २०२७ मध्ये तो तेलंगणात असेल. माणसांची वाट तीच राहिली, सीमा हलल्या. जुने तक्ते नव्या सीमांनुसार पुन्हा मांडून दिल्याशिवाय ‘वाढले’ किंवा ‘घटले’ हे शब्द भंडाऱ्याबद्दल कोणी वापरू नयेत.

आणि उशीर. २०११ च्या जनगणनेचे स्थलांतराचे मुख्य तक्ते बाहेर आले २०१९ मध्ये. आठ वर्षांनी. तोवर त्यातले लोक दोनदा घरे बदलून झाले असतील. तक्ते जिल्ह्यापर्यंतच थांबतात, तालुक्याचे चित्र मिळत नाही. नमुना पाहणी ही उणीव भरून काढू शकते, पण तिचीही गत वेगळी नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीची स्थलांतराची सविस्तर फेरी २००७-०८ ची. एक महिना ते सहा महिने कामासाठी बाहेर राहिलेल्यांना तिने वेगळे मोजले आणि देशभरात असे सुमारे १.३६ कोटी लोक असल्याचे सांगितले. २०२०-२१ च्या श्रमबल पाहणीत स्थलांतराचे प्रश्न होते, पण ते वर्ष महामारीचे. त्या वर्षीचे आकडे नेहमीच्या हालचालीचे म्हणून वापरणे योग्य नाही. आता जुलै २०२६ ते जून २०२७ अशी नवी पाहणी ठरली आहे. तिच्या नमुन्यात भंडाऱ्याची मोजकीच गावे-वॉर्ड येणार असतील, तर तिच्यातूनही जिल्ह्याचे उत्तर निघणार नाही. राज्ये अशा पाहण्यांत आपला जोडनमुना घेतात. महाराष्ट्राच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाने विदर्भाच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांसाठी तो वाढवून घ्यावा, असे मला आग्रहाने म्हणायचे आहे.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण तो गरीब माणसाच्या भीतीतून येतो. ‘बाहेर जातो’ असे सांगितले तर नाव कापतील. ही भीती काल्पनिक नाही. २०२५ मध्ये बिहारच्या मतदारयाद्यांच्या विशेष पुनरीक्षणात १ ऑगस्टच्या मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावे बाहेर राहिली, आणि त्यांतली सुमारे ३६ लाख कायमची स्थलांतरित किंवा पत्त्यावर न सापडलेली म्हणून. हे ऐकलेला मजूर प्रगणकाला खरे का सांगेल? पण यावरचा उपाय मोजणी टाळणे हा नाही. मोजणी आणि पडताळणी यांच्यामध्ये भिंत उभारणे, हा आहे. जनगणनेच्या १९४८ च्या कायद्यातले कलम १५ अशी भिंत उभारते. जनगणनेत दिलेली माहिती कोणाला पाहता येत नाही, आणि पुरावा म्हणून वापरता येत नाही. हे संरक्षण ई-श्रमच्या किंवा रेशनच्या माहितीला नाही. म्हणूनच ‘सगळी पोर्टले जोडा’ म्हणणाऱ्यांपेक्षा मी ‘नीट जनगणना करा’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने आहे. गावोगावच्या भिंतीवर, ग्रामसभेत, मुकादमांच्या बैठकीत हे कलम साध्या मराठीत सांगितले गेले पाहिजे. जो माणूस प्रगणकाला घाबरतो, तो खोटे सांगतो, आणि मग त्या खोट्याच्या आधारावर त्याच्याच पोराची शाळा ठरते.

काही पुढारी या चर्चेत वेगळाच सूर लावतात. स्थलांतराचे आकडे आले की जिल्ह्याची बदनामी होते, म्हणून आकडे नकोत, स्थलांतर थांबवा. मला हे अमान्य आहे. माणसाला चांगल्या मजुरीसाठी जाण्याचा हक्क आहे. त्याला थांबवण्याचे काम सरकारचे नाही, त्याचे जाणे सुरक्षित करणे हे आहे. ते मोजल्याशिवाय होत नाही, हे महाराष्ट्राने बीडमध्ये पाहिले आहे. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल वर्षानुवर्षे बोलले जात होते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ८२,३०९ बायकांची पाहणी केली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झाल्याचे पुढे आले. तोवर जी गोष्ट कुजबुज म्हणून बाजूला सारता येत होती, ती नंतर नाकारता आली नाही. मिरचीच्या रानात फवारणीच्या औषधांत राबणाऱ्या आमच्याकडच्या बायकांबद्दल अशी पाहणी झालेली माझ्या ऐकिवात नाही. ज्याची मोजणी नाही, त्याची तक्रारही दाखल होत नाही.

केरळने हे काम १९९८ पासून चालवले आहे. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये के. सी. झकारिया आणि एस. इरुदया राजन यांनी केरळ स्थलांतर पाहणी उभी केली, आणि ती ठरावीक वर्षांनी पुन्हा होत राहिली. परदेशातून पैसा येतो म्हणून केरळला ते सुचले, असे म्हणणे सोपे आहे. पण मिरचीच्या मजुरीतूनच पूर्व विदर्भातल्या कितीतरी घरांची वर्षाची भाकर भागते. ती रक्कम लहान आहे म्हणून मोजण्यालायक नाही, असे कोणत्या तत्त्वाने ठरवायचे?

गावपातळीवरचे काम तर अवघडही नाही. कोणते कुटुंब गेले, पोर बरोबर नेले की आजीकडे ठेवले, बाई गरोदर आहे का, हे अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईला ठाऊक असते. महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित माता-बालकांसाठी ‘महा एमटीएस’ ही प्रणाली आणली, ती याच ज्ञानावर उभी आहे. तिला ग्रामपंचायतीच्या हंगामी नोंदवहीची जोड द्यावी: किती घरे, कोणत्या महिन्यात, कोणत्या जिल्ह्याला, कोणत्या कामाला, आणि आधी कोणते काम करत होती. नावे ग्रामपंचायतीत राहावीत, वर जावेत ते फक्त आकडे. आणि हे काम आशाताईंवर फुकट लादू नये, नोंदीमागे मोबदला द्यावा. त्यांच्यावर आधीच पुष्कळ ओझे आहे.

राहिला फेब्रुवारी २०२७. हंगाम त्याआधीच सुरू होईल, टोळ्या डिसेंबरपासून हलू लागतील. दिवाळीपूर्वी भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी तेलंगणातल्या मिरचीच्या जिल्ह्यांना मुकादमांची आणि कामाच्या ठिकाणांची यादी पाठवावी, मराठी समजणारे प्रगणक तिकडे नेमून घ्यावेत, आणि मोबाइलवरून स्वतःची माहिती भरण्याची जी सोय या जनगणनेत आहे, ती टोळीतल्या एका शिकलेल्या पोराला निघण्यापूर्वीच शिकवून ठेवावी. मुकादमांची नावे तालुक्याला माहीत आहेत. यादी करायला एका आठवड्याहून अधिक वेळ लागू नये.